हेलिकोप्रियॉन : करवत कुठे होती?

रशियातील उरल पर्वताच्या परिसरात, क्रास्नोउफिम्स्क या गावाजवळच्या खडकांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही चमत्कारिक जीवाश्म सापडले. चकलीप्रमाणे आतून बाहेर मोठी होत गेलेली वेटोळी आणि त्या वेटोळ्यांच्या बाहेरच्या कडेवर ओळीने बसविलेले टोकदार दाते, असे त्यांचे स्वरूप होते. गंडकी नदीतील शाळिग्रामात ज्या अमोनाइट प्राण्याच्या कवचाचा ठसा असतो, त्याच्याशी या जीवाश्मांचे वरवरचे साम्य विलक्षण आहे. परंतु ही कवचावरील नक्षी नव्हती. ते खरेखुरे दात होते, त्यांना चकाकणारे आवरण होते, आणि ते माशाचे होते.

ख्यातनाम रशियन भूशास्त्रज्ञ अलेक्झांडर कार्पिन्स्की यांनी १८९९ मध्ये या जीवाश्मांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि या प्राण्याला 'हेलिकोप्रियॉन' असे नाव दिले. ग्रीक भाषेतील 'हेलिक्स' म्हणजे वेटोळे आणि 'प्रियॉन' म्हणजे करवत, या दोन शब्दांपासून ते तयार झाले आहे. उरलमधील प्रजातीचे पूर्ण नाव हेलिकोप्रियॉन बेसोनोवी. हे नाव बेसोनोव्ह या गृहस्थाच्या नावावरून ठेवण्यात आले. पुढे १९१७ मध्ये कार्पिन्स्की रशियन विज्ञान अकादमीचे पहिले निर्वाचित अध्यक्ष झाले आणि १९३६ मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या नावावर भूशास्त्रातील मोठे काम जमा आहे. तरीही सामान्य वाचकापर्यंत त्यांचे नाव पोहोचते ते बहुधा या विचित्र माशामुळेच.

नाव मिळाले, वर्णन झाले. मात्र ही करवत माशाच्या शरीरात नेमकी कुठे होती, या साध्या प्रश्नाचे खात्रीलायक उत्तर मिळण्यास ११४ वर्षे लागली.

दात उरले, मासा गेला

प्रश्न इतका अवघड होण्याचे कारण माशाच्या सांगाड्यात आहे. मुशी म्हणजे शार्क, पाकट आणि खोल समुद्रातील कायमेरा हे सारे मासे उपास्थिमीन या वर्गात मोडतात. त्यांचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. माणसाच्या नाकाचा शेंडा किंवा कानाचा वरचा भाग ज्या लवचिक पदार्थाचा बनलेला असतो, तीच ही कूर्चा. मासा मेल्यानंतर ती लवकर कुजते आणि गाळात गाडली जाऊन दगड होण्याची संधी तिला क्वचितच मिळते. दातांचे तसे नाही. ते कठीण असतात आणि कोट्यवधी वर्षे टिकतात. त्यामुळे प्राचीन मुशींचा व त्यांच्या भाईबंदांचा इतिहास मुख्यतः दातांवरूनच लिहिला गेला आहे.

हेलिकोप्रियॉनच्या बाबतीत ही अडचण टोकाला गेली. जगभरात सापडलेल्या त्याच्या जीवाश्मांपैकी जवळपास सर्व म्हणजे केवळ दातांची वेटोळी आहेत. डोके नाही, पाठीचा कणा नाही, पर नाहीत, शेपटी नाही. पाण्यात बुडालेल्या जहाजाचे फक्त सुकाणूचे चक्र हाती लागावे आणि त्यावरून अख्ख्या जहाजाचा नकाशा काढावा, तसा हा प्रकार होता.

कार्पिन्स्कींच्या आधी तेरा वर्षे, १८८६ मध्ये, ब्रिटिश पुराजीवशास्त्रज्ञ हेन्री वुडवर्ड यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातून आलेल्या अशाच एका कमानदार तुकड्याचे वर्णन केले होते. वेटोळे अपूर्ण असल्याने त्याचे खरे स्वरूप त्यांना कळणे शक्य नव्हते. एडेस्टस नावाचा, वक्र पात्यावर दात असलेला एक प्राचीन मासा तेव्हा अमेरिकेतून माहीत झालेला होता. वुडवर्ड यांनी आपला तुकडा त्याच्याच खात्यावर टाकला आणि तो पराचा काटा असावा असे सुचविले. उरलमधील पूर्ण वेटोळी उजेडात आल्यानंतर ऑस्ट्रेलियाचा तुकडाही हेलिकोप्रियॉनचाच असल्याचे स्पष्ट झाले. आज तो हेलिकोप्रियॉन डेव्हिसी या नावाने ओळखला जातो.

सोंडेपासून शेपटीपर्यंत

कार्पिन्स्की यांची पहिली कल्पना सर्वांत धाडसी होती. वरच्या जबड्याचा पुढचा भाग लांब वाढून सोंडेसारखा वर वळला असावा आणि त्या वळणावर बाहेरच्या बाजूने दात असावेत, असे चित्र त्यांनी मांडले. मासा या वेटोळ्याचा शस्त्रासारखा उपयोग करीत असावा, असा त्यामागचा विचार होता. आज हे चित्र पाहून हसू येते. मात्र त्यांच्यापुढे फक्त वेटोळे होते आणि वेटोळे शरीराच्या बाहेर असते तर ते कसे दिसेल, याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता.

या चित्रावर लगेचच टीका सुरू झाली. अमेरिकन संशोधक चार्ल्स ईस्टमन यांनी कार्पिन्स्कींच्या कामाची प्रशंसा केली, पण सोंडेची कल्पना त्यांना पटली नाही. वेटोळे तोंडातलेच असावे, याकडे त्यांचा कल होता. दुसरे अमेरिकन संशोधक ऑलिव्हर हे यांनी ते पाठीवरील परात नेऊन बसविले. खुद्द कार्पिन्स्कींनी १९११ मध्ये ते शेपटीच्या ठिकाणी दाखवून पाहिले. एकच अवयव एकाच माशाच्या नाकावर, पाठीवर आणि शेपटीवर दाखविणारी चित्रे दहा-बारा वर्षांच्या अवधीत प्रसिद्ध झाली, अशी उदाहरणे शास्त्राच्या इतिहासात फार नसतील.

पाठीवर किंवा शेपटीवर दात कसे, असा प्रश्न वाचकाला पडेल. उपास्थिमीनांच्या कातडीवर दातांसारख्याच रचनेचे बारीक खवले असतात. मुशीच्या अंगावरून उलटा हात फिरविला तर पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा जाणवतो तो त्यामुळेच. तेव्हा पराच्या काठावर मोठे दाते असणे ही त्या काळच्या अभ्यासकांना अगदीच अशक्य गोष्ट वाटत नव्हती.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वेटोळे खालच्या जबड्याशी संबंधित असावे याकडे बहुतेक अभ्यासकांचा कल झाला. तरीही शंका पूर्णतः मिटल्या नाहीत. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या निसर्गविज्ञान संग्रहालयासाठी २००८ मध्ये तयार झालेल्या चित्रात हे वेटोळे जबड्याच्या टोकाला नव्हे, तर पार आत, घशात दाखविण्यात आले. दातांवर झिजल्याच्या खुणा दिसत नाहीत, तेव्हा ते बाहेर उघडे नसावेत, असा त्यामागील तर्क होता. पुढच्याच वर्षी रशियन संशोधक ओलेग लेबेदेव्ह यांनी कझाकस्तानातील एका नमुन्याच्या आधारे वेटोळे खालच्या जबड्याच्या मध्यरेषेवरच असल्याची बाजू पुन्हा मांडली.

आयडाहोचा दगड

या वादाचा निकाल लावणारा पुरावा या काळात अमेरिकेतील एका संग्रहालयात पडून होता.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील आयडाहो, वायोमिंग, युटा या राज्यांत 'फॉस्फोरिया' नावाने ओळखला जाणारा खडकांचा मोठा थर आहे. आज हा भाग समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, डोंगराळ आणि कोरडा आहे. पर्मियन कालखंडात मात्र तिथे समुद्र होता. त्याच्या तळाशी फॉस्फेटने समृद्ध असा गाळ साचला. हे फॉस्फेट खतांसाठी खणून काढले जाते आणि खाणकामात जे कठीण गोळे फुटतात, त्यांतील काहींत हेलिकोप्रियॉनची वेटोळी निघतात. जगात आजवर मिळालेल्या नमुन्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या आयडाहोतून आले आहेत. शेतीच्या खताला लागणाऱ्या खनिजाचे खोदकाम झाले नसते, तर या माशाविषयी आज असलेली बहुतेक माहिती हाती लागली नसती.

आयडाहोतील माँटपेलियर गावाजवळच्या वॉटर्लू खाणीत १९५० मध्ये एक नमुना मिळाला. त्यात २३ सेंटिमीटर व्यासाचे वेटोळे आणि ११७ दात होते. महत्त्वाची बाब म्हणजे वेटोळ्याभोवती दगडात काही कूर्चाही टिकून राहिली होती. डॅनिश संशोधक स्वेंड एरिक बेंडिक्स-आल्मग्रेन यांनी त्याचा अभ्यास करून १९६६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेटोळे खालच्या जबड्याच्या मध्यरेषेवर असल्याचे त्यांनी सांगितले. मात्र बराचसा भाग दगडाच्या आत दडलेला होता. तो बाहेर काढायचा तर दगड फोडावा लागला असता आणि दगड फोडला तर कूर्चेचा पुरावाही नष्ट झाला असता. परिणामी हा नमुना पुढे अनेक वर्षे पोकाटेलो येथील संग्रहालयाच्या कपाटात राहिला.

तो पुन्हा चर्चेत येण्यामागे एका चित्रकाराचाही हात आहे. अलास्कात राहणारे रे ट्रोल हे माशांची चित्रे काढण्यासाठी प्रसिद्ध आहेत. १९९० च्या दशकात लॉस एंजेलिस येथील निसर्गविज्ञान संग्रहालयात त्यांनी हेलिकोप्रियॉनचे वेटोळे पाहिले आणि या माशाने त्यांना झपाटले. बेंडिक्स-आल्मग्रेन यांच्याशी पत्रव्यवहार करून त्यांनी माहिती गोळा केली आणि आपल्या चित्रांतून हा मासा लोकांपुढे आणला. पोकाटेलोमध्ये आयडाहो स्टेट विद्यापीठातील पुराजीवशास्त्रज्ञ लीफ टापानिला आणि त्या वेळी विद्यार्थी असलेले जेसी प्रुइट यांनी जुन्या नमुन्यांकडे नव्याने पाहण्याचे ठरविले.

दगड न फोडता आत पाहण्याचे साधन आता उपलब्ध झाले होते. रुग्णालयात मेंदूची किंवा पोटाची तपासणी करण्यासाठी जे सीटी स्कॅन वापरतात, त्याचाच अधिक शक्तिशाली प्रकार टेक्सास विद्यापीठात दगडांसाठी वापरला जातो. १९५० चा तो नमुना या यंत्रातून पाहण्यात आला. संगणकावर दगड 'पारदर्शक' झाला आणि वेटोळ्याच्या दोन्ही बाजूंना खालच्या व वरच्या जबड्याची कूर्चा स्पष्ट दिसू लागली. जबड्याचा सांधाही ओळखता आला. हे संशोधन फेब्रुवारी २०१३ मध्ये 'बायॉलॉजी लेटर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष असा होता की वेटोळे खालच्या जबड्यातच होते, पण त्याच्या टोकाला टांगलेले नव्हते. खालच्या जबड्याची संपूर्ण लांबी त्यानेच व्यापली होती. दोन्ही बाजूंनी कूर्चेचा आधार होता आणि वरची कमान तेवढी तोंडात उघडी होती. या नमुन्याच्या वरच्या जबड्यात त्याला भिडणारी दुसरी करवत आढळली नाही. अर्थात घशात वेटोळे असल्याची कल्पनाही निकालात निघाली आणि हनुवटीखाली लोंबणाऱ्या चक्राची लोकप्रिय चित्रेही चुकीची ठरली. लाकूड कापण्याच्या गिरणीत टेबलाच्या फटीतून गोल करवतीचा फक्त वरचा भाग बाहेर आलेला दिसतो, तसे या माशाचे तोंड होते. फरक एवढाच की ही करवत गरगर फिरत नसे.

जन्मभराचे दात

आजच्या मुशींचे दात सतत पडतात आणि मागच्या ओळीतील नवे दात पुढे सरकतात. एक मुशी आयुष्यात हजारो दात गमावते. हेलिकोप्रियॉनची रीत याच्या अगदी उलट होती. त्याचे दात पडतच नसत. जबड्याच्या मागच्या बाजूला नवा, आधीच्यापेक्षा किंचित मोठा दात तयार होई. तो जुन्या दातांना पुढे ढकली, पुढचे दात खाली वळून जबड्याच्या कूर्चेत शिरत आणि तिथेच गुंडाळले जात. सर्व दातांची मुळे एका सलग पट्टीत जोडलेली असल्याने एकही दात सुटा होत नसे. म्हणून वेटोळ्याच्या केंद्रातले इवलेसे दात हे माशाच्या बालपणीचे आणि बाहेरच्या कडेचे मोठे दात हे त्याच्या अखेरच्या दिवसांतले. अख्ख्या आयुष्याचा हिशेब एकाच वेटोळ्यात जपून ठेवणारा असा प्राणी विरळाच.

या वैशिष्ट्याने अभ्यासकांची बराच काळ फसगतही केली. लहान वेटोळे, मोठे वेटोळे, अर्धवट तुटलेले वेटोळे अशा प्रत्येकाला नवे नाव देण्याची प्रथा पडली आणि प्रजातींची संख्या दहाच्या वर गेली. अमेरिका, मेक्सिको, चीन, नॉर्वेच्या ताब्यातील स्पिट्सबर्गन बेट अशा ठिकाणच्या नमुन्यांवरून ही नावे आली होती. टापानिला आणि प्रुइट यांनी २०१३ मध्येच या सर्वांची फेरतपासणी केली. आतल्या वेटोळ्यांतील लहान दात सगळ्यांचे सारखेच दिसतात, खरा फरक प्रौढ वयातील दातांत पडतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर बेसोनोवी, डेव्हिसी आणि एर्गासामिनॉन या तीनच प्रजाती त्यांनी ग्राह्य धरल्या.

करवतीने कापत काय होते?

माशाच्या आहाराविषयी थेट पुरावा नाही, तरी जबड्याच्या रचनेवरून बरेच काही सांगता येते. जेसन रॅम्से आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये 'जर्नल ऑफ मॉर्फॉलॉजी' या नियतकालिकात याचा तपशीलवार विचार केला. तोंड मिटताना दात फक्त वर येत नसत, तर काहीसे मागेही सरकत. म्हणजे चावणे आणि ओढणे या दोन्ही क्रिया एकाच वेळी घडत. पुढचे दात भक्ष्याला आकड्यासारखे अडकवीत, मधले त्याला भोसकीत आणि मागचे कापून घशाकडे ढकलीत, असे या संशोधकांचे मत आहे. विळीवर भाजी चिरताना हात जसा दाबतो आणि सरकवतोही, तसेच हे काम.

दातांवर मोडतोड फारशी आढळत नाही. कठीण कवच फोडणाऱ्या प्राण्याचे दात असे शाबूत राहिले नसते. त्यामुळे मऊ अंगाचे प्राणी, विशेषतः आजच्या माकुलांचे प्राचीन नातलग, हे त्याचे मुख्य खाद्य असावे असे मानले जाते. त्या काळच्या समुद्रात अशा प्राण्यांची रेलचेल होती. अमोनाइटचे पूर्वजही त्यांत होते. म्हणजे ज्या प्राण्यांच्या शंखासारखे याचे वेटोळे दिसते, त्यांचेच भाईबंद कदाचित त्याच्या पोटात जात असत.

आकाराबाबत मात्र सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. आयडाहोतील सर्वांत मोठ्या अपूर्ण वेटोळ्याचा व्यास ५६ सेंटिमीटर असून त्यातील दातांची उंची १४ सेंटिमीटरपर्यंत आहे. त्यावरून असा मासा सात मीटरहून लांब असावा असा अंदाज केला जातो. परंतु संपूर्ण धड कधीच मिळालेले नाही. चित्रांत दिसणारे निमुळते शरीर, पाठीवरचा एकच पर आणि पोटाकडील परांचा अभाव हे सारे केसियोडस, रोमेरोडस अशा त्याच्या लहान नातलगांच्या जीवाश्मांवरून घेतलेले आहे. आंतरजालावर फिरणाऱ्या भयंकर चित्रांकडे पाहताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

मुशी नव्हे, मुशीचा दूरचा भाऊ

वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर हेलिकोप्रियॉनचा उल्लेख सर्रास 'करवतीचा शार्क' असा होतो. तो चुकीचा आहे. सीटी स्कॅनमध्ये दिसलेल्या जबड्याची कवटीशी असलेली जोडणी मुशीसारखी नाही. ती कायमेरा या गटाच्या बाजूने कौल देते. कायमेरा हे मोठ्या डोळ्यांचे, गुळगुळीत अंगाचे, खोल पाण्यात संथपणे राहणारे मासे आहेत. अरबी समुद्राच्या खोल पाण्यातही त्यांच्या जाती आहेत. त्यांच्या तोंडात करवत सोडाच, एकेक सुटा दातही नसतो. भक्ष्य चिरडणाऱ्या चपट्या दंतपट्ट्या असतात. मुशी आणि कायमेरा यांच्या वाटा हेलिकोप्रियॉनच्या कितीतरी आधी वेगळ्या झाल्या होत्या आणि हा मासा कायमेराच्या वाटेवरचा होता. आजच्या करवत माशाशी त्याचा संबंध तर त्याहून दूरचा आहे. करवत माशाची करवत म्हणजे मुस्कटाचे लांबट पाते असते आणि तिचे दाते दोन्ही बाजूंना आडवे असतात.

हेलिकोप्रियॉन सुमारे २९ कोटी ते २७ कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान पृथ्वीवर होता. डायनोसॉर अवतरण्यास तेव्हा किमान तीन-चार कोटी वर्षांचा अवकाश होता. भारताचा भूभाग गोंडवन या महाखंडाचा भाग होता आणि चंद्रपूर व वणी परिसरात आज ज्या कोळशाच्या खाणी आहेत, तो कोळसा त्याच पर्मियन कालखंडातील दलदलीच्या जंगलांपासून तयार झाला. रशिया, कझाकस्तान, चीन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, मेक्सिको अशा दूरदूरच्या ठिकाणी याची वेटोळी मिळतात. किनाऱ्याला चिकटून राहणाऱ्या माशाचा प्रसार इतका झाला नसता. खुल्या समुद्रात दूरवर पोहणारा हा मासा होता, याचीच ती साक्ष आहे.

काही जुन्या पुस्तकांत हा मासा पर्मियनच्या शेवटचा महासंहार पचवून पुढील ट्रायासिक कालखंडात शिरला असे लिहिलेले आढळते. सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी झालेल्या त्या संहारात समुद्रातील बहुसंख्य जाती नष्ट झाल्या. परंतु हेलिकोप्रियॉनचे खात्रीचे नमुने त्यापूर्वी जवळजवळ दोन कोटी वर्षे थांबतात. संहारातून वाचले ते त्याच्या कुळातील काही लहान सदस्य. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील ट्रायासिकच्या आरंभीच्या खडकांत त्यांचे जीवाश्म मिळाले आहेत आणि त्यांत परांसह शरीराचे भागही टिकून आहेत. त्यानंतरच्या खडकांत या कुळाचा मागमूस लागत नाही.